पहाडी दव आणि आर्वीचे संत्रे

दुकानात येणाऱ्या प्रत्येक मालाला नाव असते, भाव असतो आणि कूळही असते. नाव व भाव ग्राहक पाहतो. कूळ पाहण्याची जबाबदारी विक्रेत्याची. हिंगणघाटच्या बाजारात कापूस घेणारा व्यापारी धाग्याची लांबी आणि ओलावा पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. तूर, चणा, सोयाबीन यांची मूठ तळहातावर पसरून पारखणे हा वर्धा जिल्ह्यातील कित्येक जैन पेढ्यांचा पिढीजात संस्कार आहे. मात्र हीच पारखी नजर दुकानाच्या दर्शनी भागातील काचेच्या फ्रीजपाशी आली की मिटते. तेथील बाटल्या कंपनीच्या गाडीतून येतात, मांडणी कंपनीचा माणूस करून जातो, पुष्कळदा फ्रीजही कंपनीचाच असतो. मग त्या मालाचे कूळ पाहायचे कोणी?

त्या फ्रीजमधील एक हिरवी बाटली घरोघरीच्या तरुण मुलांच्या परिचयाची आहे. आतले पेय पिवळसर हिरवे, चव लिंबूवर्गीय फळांची, नाव 'माउंटन ड्यू', म्हणजे डोंगरावरचे दव. नाव ऐकताच पहाटेचा गारवा आणि गवतावरचे थेंब डोळ्यांपुढे उभे राहतात. या नावाचा उगम मात्र दवात नाही, दारूच्या भट्टीत आहे.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल या गावी बार्नी आणि अ‍ॅली हार्टमन हे दोघे बंधू शीतपेये बाटलीबंद करण्याचा व्यवसाय करीत. व्हिस्कीत मिसळायला त्यांना जे लिंबू-पेय आवडे, ते त्या गावात मिळत नसे. म्हणून 1940 च्या दशकात त्यांनी ते स्वतःपुरते तयार केले आणि थट्टेने त्याला 'माउंटन ड्यू' म्हटले. अ‍ॅपलेशियन पर्वतराजीत रात्रीच्या वेळी चोरून गाळल्या जाणाऱ्या मक्याच्या दारूचे हे टोपणनाव होते. आपल्याकडे एखाद्या सरबताला कोणी 'पहिल्या धारेची' असे नाव द्यावे, त्यातलाच हा प्रकार. 1948 मध्ये हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले. सुरुवातीच्या बाटल्यांवरील चित्रात बंदूक घेतलेला पहाडी रांगडा दाखविलेला असे. नावामागची थट्टा तेथील ग्राहकांना पुरेपूर समजत होती.

आज विकले जाणारे पेय हे त्या पहिल्या पेयाचे दुसरे रूप होय. 1960 च्या सुमारास टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांतील बाटलीबंद करणाऱ्या व्यावसायिकांनी जुनी कृती बदलली, तिच्यात लिंबाबरोबर संत्र्याचा स्वाद आणला आणि 'मिश्रणासाठीचे पेय' ही ओळख पुसून ते स्वतंत्रपणे पिण्याचे पेय बनविले. 1964 मध्ये पेप्सी-कोला कंपनीने हे नाव विकत घेतले. सत्तरच्या दशकात जाहिरातींतील रांगडा गावकरी मागे पडला आणि त्याच्या जागी डोंगर चढणारे, पाण्यात उड्या घेणारे तरुण आले. 2003 मध्ये हे पेय भारतात दाखल झाले, ते धाडसाचे पेय म्हणून. भीतीच्या पलीकडे विजय असतो, असे सांगणारी त्याची जाहिरात येथील मुलांना तोंडपाठ झाली. नावाचा मूळ अर्थ मात्र वाटेतच गळून पडला.

वर्धा जिल्ह्यात हा अर्थ ठाऊक असण्याला विशेष महत्त्व आहे. गांधीजींच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. तिची अंमलबजावणी किती कठीण आहे, हे येथील नागरिक जाणतात. अशा जिल्ह्यात, मद्यत्याग हा आचाराचा पहिला पाया मानणाऱ्या कुटुंबांच्या दुकानांत, चोरट्या दारूचे नाव धारण केलेले पेय उजळ माथ्याने विकले जाते. अर्थात पेयात मद्य नाही आणि नाव विकणे हा गुन्हाही नाही. परंतु ज्या नावाचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही, ते नाव आपण आपल्या फलकावर मिरवीत असतो, एवढे तरी ध्यानात यायला हवे.

नावाकडून आता चवीकडे वळू. संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीजवळ पिळली की बारीक ठिणग्या उडतात. त्या सालीतील सुगंधी तेलाच्या असतात. संत्रे, मोसंबी, लिंबू या फळांचा वास आणि स्वाद मुख्यतः या तेलात असतो. पेय बनविणाऱ्यांपुढील अडचण अशी की तेल पाण्यावर तरंगते. बाटली काही दिवस ठेवली की वरच्या बाजूस तेलाचे कडे दिसू लागते. ते टाळण्यासाठी विसाव्या शतकात एक युक्ती निघाली. वनस्पती तेलाचा ब्रोमीन या मूलद्रव्याशी संयोग घडवून ते जड करायचे आणि सुगंधी तेलात मिसळायचे. मग स्वाद सर्व बाटलीभर सारखा राहतो आणि पेयाला ताज्या रसासारखी धूसर झाक येते. अमेरिकेत माउंटन ड्यूमध्ये हे ब्रोमीनयुक्त तेल अनेक वर्षे वापरले जात होते.

महाराष्ट्राचाही या कथेशी निकटचा संबंध आहे. मुंबईच्या पार्ले कंपनीने 1971 मध्ये 'लिम्का' हे लिंबूस्वादाचे पेय बाजारात आणले. 1977 मध्ये कोका-कोलाने भारत सोडल्यानंतर पार्लेच्या पेयांना मोठी बाजारपेठ मिळाली. लिम्कामध्येही काही काळ हेच तेल होते. त्याच्या दुष्परिणामांची चर्चा वाढली आणि भारतात 1990 पासून शीतपेयांमध्ये त्याच्या वापरास मनाई करण्यात आली. लिम्काने कृती बदलली, तरी विक्री थांबली नाही. 1993 मध्ये पार्लेने थम्स अप, गोल्ड स्पॉट यांच्यासह लिम्का कोका-कोलाला विकले आणि ते नाव आजही बाजारात उभे आहे.

अमेरिकेने हे तेल 1970 मध्ये निर्धोक पदार्थांच्या यादीतून काढले, परंतु अल्प प्रमाणात वापरण्याची तात्पुरती मुभा दिली. ती 'तात्पुरती' मुभा अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. मोठ्या कंपन्यांनी लोकमताच्या दबावाखाली 2014 मध्ये ते तेल सोडण्याची घोषणा केली आणि तेथील अन्न व औषध प्रशासनाने ही परवानगी पूर्णपणे रद्द केली ती 2024 मध्ये. म्हणजे भारताच्या नियमानंतर 34 वर्षांनी. परदेशी ते शुद्ध आणि देशी ते संशयास्पद, असे मानणाऱ्यांनी हा हिशेब मनात ठेवावा.

आता या कामासाठी बाभळीच्या जातीतील झाडांचा डिंक आणि देवदारवर्गीय वृक्षांच्या राळेपासून केलेला पदार्थ वापरला जातो. वेष्टनावर त्यांचे क्रमांक अनुक्रमे 414 आणि 445 असे छापलेले असतात. क्रमांक पाहून पुष्कळ श्रावक कुटुंबांच्या मनात शंका येते. शाकाहारी पदार्थांवर हिरवा ठिपका छापणे बंधनकारक आहे, तो ठिपका पाहावा आणि या बाबतीत निश्चिंत असावे. शंका घ्यायचीच तर ती पुढील दोन बाबींविषयी घ्यावी.

पहिली बाब कॅफिनची. लिंबू-संत्र्यात कॅफिन नसते. ते असते चहात, कॉफीत, कोलाच्या बीत. लिंबूवर्गीय चवीच्या पेयात ते बाहेरून घातले जाते. अमेरिकेतील 355 मिलिलिटरच्या डब्यात या पेयातून सुमारे 54 मिलिग्रॅम कॅफिन मिळते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार झटपट कॉफीच्या एका कपात 50 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असते. एक डबा म्हणजे साधारण एक कप कॉफी. ज्या घरात दहा वर्षांच्या मुलाला कॉफी मागूनही मिळत नाही, त्याच घरात त्याला ही बाटली हौसेने दिली जाते. कारण ती सरबतासारखी दिसते. साखरेचा हिशेब निराळाच आहे. त्याच अमेरिकी डब्यात 46 ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे नऊ चमचे.

कॅफिन म्हणजे मद्य नव्हे आणि चहाचे घोट घेत कॅफिनची निंदा करण्यात अर्थ नाही. प्रश्न प्रमाणाचा, वयाचा आणि वेळेचा आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात गेलेले कॅफिन निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात. रात्री नऊला प्यालेल्या पेयातील निम्मे कॅफिन पहाटे दोनला शरीरात शिल्लक असते. दहावी-बारावीच्या अभ्यासासाठी जागणाऱ्या मुलांना हे सांगायला हवे. चौविहाराचा नियम पाळणाऱ्या घरात सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य असते. त्या घरातील मुले या त्रासातून आपोआप वाचतात. आजीने घालून दिलेला नियम आणि पोषणशास्त्र येथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

कायद्याने नेहमीच्या शीतपेयात लिटरमागे 145 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालते आणि 'कॅफिन आहे' असे वेष्टनावर छापावे लागते. त्याहून अधिक, 300 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन असणाऱ्या पेयांवर 'उच्च कॅफिन' असा इशारा आणि लहान मुले व गर्भवती स्त्रियांसाठी ती योग्य नसल्याची सूचना आवश्यक असते. अशी पेये शाळांच्या 500 मीटर परिसरात विकण्यास बंदी घालण्याचा मनोदय महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत जाहीर केला होता. शाळेजवळ ज्यांचे दुकान आहे, त्यांनी बंदीची वाट पाहण्याचे कारण नाही. तो इशारा बाटलीवर छापलेलाच आहे.

दुसरी बाब फळाची आणि ती वर्धा जिल्ह्याच्या जिव्हाळ्याची आहे. आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) हे तालुके संत्र्याच्या पट्ट्यात येतात. येथे संत्र्याचे दोन बहार घेतले जातात. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हाती येतात. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु मानाने पोट भरत नाही. विदर्भातील संत्र्याचा मोठा ग्राहक असलेल्या बांगलादेशाने 2019 पासून आयात शुल्क वाढवत नेले आणि 2023 मध्ये ते किलोमागे 88 रुपयांवर पोहोचले. माल परतला, भाव पडले आणि ज्या व्यापाऱ्यांनी बगीचे झाडावरच विकत घेतले होते, त्यांचीही रक्कम अडकली.

संत्र्याच्या अशा मुलखात संत्र्या-लिंबाच्या चवीचे पेय लाखोंनी खपते. त्याचा बागायतदाराला काय लाभ? ज्या शीतपेयात फळाचा रस किंवा गर नसतो, त्यावर 'फळ नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापणे भारतात बंधनकारक आहे. दुकानातील फ्रीज उघडून प्रत्येक बाटली एकदा फिरवून पाहावी. ही बारीक अक्षरांतील ओळ किती बाटल्यांवर आहे, ते मोजावे. गंमत अशी की माउंटन ड्यूच्या अमेरिकेतील घटक-यादीत संत्र्याच्या घट्ट केलेल्या रसाचा, थोडा का होईना, उल्लेख असतो.

ही विसंगती कोणाच्या लक्षात आली नाही, असे नाही. सप्टेंबर 2014 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी कर्नाटकातील तुमकूर येथे शीतपेय कंपन्यांना आवाहन केले होते की, पेयात किमान पाच टक्के फळांचा रस घाला, म्हणजे शेतकऱ्याचा माल खपेल. पुढे अन्न सुरक्षा नियमांमध्ये रसयुक्त वायुमिश्रित पेयांसाठी स्वतंत्र व्याख्याही आली. आता कराकडे पाहू. 22 सप्टेंबर 2025 पासून साध्या वायुमिश्रित शीतपेयावर 40 टक्के वस्तू व सेवा कर आहे आणि फळांचा रस घातलेल्या वायुमिश्रित पेयावरही 40 टक्केच. वायू नसलेल्या फळरसाच्या पेयावर मात्र 5 टक्के. वीस रुपयांच्या बाटलीत पहिल्या दोन प्रकारांत सुमारे 5 रुपये 70 पैसे कर जातो, तिसऱ्यात सुमारे 95 पैसे. साखर आणि वायू यांवर जबर कर असावा, हे आरोग्याच्या दृष्टीने योग्यच. पण रस घालणाऱ्याला आणि न घालणाऱ्याला एकच दर लागत असेल, तर वायुमिश्रित पेयात रस घालण्याचा खर्च कारखानदाराने का करावा? आवाहन एका दिशेला आणि कर दुसऱ्या दिशेला, अशी ही स्थिती आहे. व्यापारी संघटनांनी निवेदने द्यायचीच असतील, तर हा विषय त्यांत असायला हवा.

नागपुरी संत्र्याचा रस बाटलीत टिकविणे सोपेही नाही. रस काढल्यानंतर काही वेळाने त्यातील लिमोनिन नावाच्या द्रव्यामुळे कडवटपणा उतरतो. बियांत आणि पांढऱ्या धाग्यांत ते अधिक असते. म्हणून घरी रस काढताना बिया चिरडू नयेत आणि रस लगेच प्यावा. कारखान्यात त्यासाठी यंत्रसामग्री व भांडवल लागते. विदर्भाने हा प्रयत्न पूर्वीच केला आहे. नागपूरच्या संत्रा उत्पादक संघाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'नोगा' हे नाव घडले आणि पुढे महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाच्या छत्राखाली नोगाचे सरबत, जॅम घरोघरी पोहोचले. मार्च 2025 मध्ये नागपूरच्या मिहान परिसरात पतंजलीचा संत्रा-प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. लहान उद्योजकांसाठीही 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल दहा लाख रुपये, इतके कर्जाशी निगडित अनुदान ठेवण्यात आले. आर्वी-कारंज्याच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या उलाढाल करणाऱ्या कुटुंबांतील शिकलेल्या मुलांनी अशा योजनांचा अभ्यास का करू नये?

वर्ध्याच्या भूमीत हा विचार नवा नाही. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीतून चाले आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्यावर होती. वस्तू विकत घेणारा माणूस ती वस्तू कशी व कोणाच्या हातून तयार झाली याच्या जबाबदारीतून मुक्त होत नाही, हा कुमारप्पांच्या अर्थविचाराचा गाभा होता. घेणाऱ्याला जर हे लागू असेल, तर विकणाऱ्याला ते दुपटीने लागू होते.

जैन परंपरेने हीच गोष्ट फार पूर्वी सांगून ठेवली आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत चोरीचा माल घेणे आणि खोटी मापे वापरणे यांच्या पंक्तीला 'प्रतिरूपक व्यवहार' बसविला आहे. अस्सलाच्या जागी त्यासारखे दिसणारे दुसरे काही खपविणे, असा त्याचा आशय. शीतपेयाच्या बाटलीवर सत्य छापलेले असते, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने तेथे फसवणूक नाही. मात्र ग्राहक जेव्हा 'मुलाला काही तरी लिंबू-संत्र्याचे द्या' असे म्हणतो आणि दुकानदार न बोलता फळ नसलेली, कॅफिन असलेली बाटली पुढे करतो, तेव्हा छापील सत्य त्याच्या मौनाखाली झाकले जाते. व्रताचा प्रश्न त्या क्षणी उभा राहतो.

'आम्ही नाही विकले तर शेजारचा विकेल,' हा तरुण पिढीचा आक्षेप खरा आहे. फ्रीजमधील बाटली महिनोन्‌महिने टिकते, संत्रे आठवड्यात मऊ पडते, हेही खरे. म्हणून सर्वांनी एका दिवसात फ्रीज रिकामे करावेत, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. करता येण्याजोग्या गोष्टी लहान आहेत. कॅफिनयुक्त पेये लहान मुलांच्या हाताला लागतील अशा खालच्या फळीवर ठेवू नयेत. शाळकरी मुलाने मागितल्यास 'यात कॅफिन आहे, घरी विचारून ये' एवढे एक वाक्य बोलावे. बहाराच्या दिवसांत गल्ल्याजवळ संत्र्यांची एक टोपली ठेवावी. आणि स्वामीवात्सल्य असो वा विवाह, पाहुण्यांच्या हाती बाटल्या देण्याऐवजी आंबिया व मृग बहारांत संत्र्याचा ताजा रस आणि उन्हाळ्यात उकळून गार केलेल्या पाण्याचे लिंबू-सरबत द्यावे. त्याला बर्फाची गरज नाही, कोणाच्या नियमात अडचण येत नाही आणि खर्च झालेला रुपया जिल्ह्यातील बागायतदाराकडे जातो.

हार्टमन बंधूंनी आपल्या पेयाला थट्टेने नाव दिले, तेव्हा त्या नावाचा अर्थ गिऱ्हाइकाला कळत होता आणि विक्रेत्यालाही. आज तो दोघांनाही कळत नाही. गिऱ्हाइकाचे अज्ञान क्षम्य आहे. ज्याच्या पेढीची पत त्याच्या शब्दावर उभी आहे, त्याने मात्र आपल्या मालाचे कूळ विचारल्यावाचून राहू नये.